खमिराची साक्ष

रमजानचा दुसरा अशरा चालू होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी बाळाला घेऊन माहेरी आल्याचे कळले, म्हणून असरनंतर तिच्या घरी गेले. मांडीवर अडीच महिन्यांचे बाळ. डोळे किंचित तिरके, नाकाचा पूल बसका, मान सैल, तळहातावर एकच आडवी रेघ. सोलापूरच्या डॉक्टरांनी 'डाउन सिंड्रोम' असावा असे सांगून रक्त तपासणीसाठी पाठवले होते. रिपोर्ट यायचा होता. सासरी मात्र रिपोर्टची वाट न पाहताच निकाल लागला होता. गरोदरपणात ग्रहणाच्या दिवशी हिने कांदा चिरला, असे सासूबाईंचे म्हणणे. एक खाला म्हणाली, नजर लागली. आणखी कोणी म्हणाले, नात्यातला निकाह, मग असेच होणार. तेवीस वर्षांची ती पोर मला हळूच म्हणाली, "आपा, मेरी क्या गलती हुई?"

या प्रश्नावर 'सब्र कर' म्हणून उठून येता आले असते. पण मी विज्ञान शिकवते. नववीला आनुवंशिकता आणि दहावीला पेशी विभाजन दरवर्षी फळ्यावर काढते. तिलाही तो धडा मीच शिकवला होता. तिच्या प्रश्नाला त्या धड्यात उत्तर आहे आणि ते सगळे 'केव्हा' या एका शब्दात आहे. बाळाच्या पेशीत एक गुणसूत्र जास्त आले, ते केव्हा आले? गरोदरपणात? ग्रहणात? हे 'केव्हा' माणसाला ज्यांच्याकडून समजले त्यांत फार मोठा वाटा आपल्या स्वयंपाकघरातल्या खमिराचा आहे.

शीरमाल किंवा नान करताना कोमट पाण्यात साखर आणि यीस्टचे दाणे टाकले की दहा मिनिटांत फेस वर येतो. त्या प्रत्येक दाण्यात असंख्य जिवंत पेशी असतात. दूधवाल्याचे भांडे, बेकरीची भट्टी, कुठेही जगणारा हा एकपेशीय जीव. पण त्याच्या पेशीची आतली रचना जिवाणूसारखी नाही, आपल्यासारखी आहे. केंद्रक आहे आणि केंद्रकात गुणसूत्रे आहेत. आपल्याकडे 23 जोड्या, खमिराकडे 16. पोटभर खायला मिळाले तर साधारण दीड तासात एका पेशीच्या दोन होतात. उपासमार झाली, विशेषतः नायट्रोजन संपला, की जोडीची गुणसूत्रे असलेली खमीरपेशी वेगळाच मार्ग धरते. ती गुणसूत्रांची संख्या निम्मी करते आणि एका पिशवीत चार बीजाणू बनवून ठेवते. आपल्या शरीरात स्त्रीबीज आणि शुक्राणू बनताना जे घडते तेच हे. पुस्तकात त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हटले आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना पेशीसाठी 'खलिया' शब्द आहे, पण नाव काहीही असो, मुलांना हा धडा नकोसा वाटतो, कारण त्यात नावांचीच गर्दी.

मी शिवणकामाच्या भाषेत सांगते. वर्गातल्या मुलींना ते लगेच कळते.

प्रत्येक गुणसूत्र आधी स्वतःची हुबेहूब नक्कल करते. मूळ आणि नक्कल लांबीभर टाक्यांनी एकमेकांना जोडलेली राहतात. या टाक्यांचे नाव कोहेसिन, ते एक प्रथिन आहे. मग वडिलांकडून आलेले गुणसूत्र आणि आईकडून आलेले तेच गुणसूत्र शेजारी येतात आणि काही तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या अदलाबदलीमुळे जोडी एकमेकांत अडकते. म्हणजे आता चार पट्ट्या एकत्र शिवलेल्या आहेत. पहिल्या विभाजनात फक्त जोडी सुटायची. मूळ आणि नक्कल अजून एकत्रच राहायला हवी. त्यासाठी बाह्यांवरची शिलाई उसवायची आणि मधल्या बिंदूजवळची, म्हणजे गुणसूत्रबिंदूजवळची, शिल्लक ठेवायची. दुसऱ्या विभाजनात तीही उसवायची. एकाच कपड्याची शिलाई दोन वेळा, ठरलेल्या ठिकाणी आणि ठरलेल्या क्रमाने उसवायची. ज्या बाईने कधी जुना कुर्ता उसवला आहे तिला विचारा, घाईत एकदम ओढले की काय होते.

ओढणारे हातही आहेत. पेशीच्या दोन टोकांकडून तर्कुतंतू निघतात (तर्कू म्हणजे सूत कातायची चाती, तिच्यासारखा त्यांचा आकार दिसतो) आणि गुणसूत्रबिंदूवरच्या आकड्याला धरून खेचतात. हा आकडा म्हणजे कायनेटोकोर. शाळेतली रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंनी ओढ असेल तरच दोर ताठ होतो. पेशीसुद्धा तो ताण तपासते. ताण नसेल तर चुकीची पकड सोडून देते, पुन्हा धरते, आणि सगळे ताठ होईपर्यंत विभाजन रोखून धरते. ही थांबवणारी यंत्रणा चालवणारी जनुके 1991 साली खमिरातच सापडली.

पेशीला घड्याळ आहे आणि त्याचे काटे जनुके फिरवतात, हेही खमिरानेच शिकवले. लीलंड हार्टवेल यांनी बेकरीच्या खमिरावर आणि पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका खमिरावर काम केले. हे दुसरे खमीर आफ्रिकेतल्या तृणधान्याच्या दारूतून वेगळे केलेले; त्या पेयाशी आपल्याला घेणे नाही, पण त्या जीवाला फक्त तीनच गुणसूत्रे असल्याने शास्त्रज्ञांची मोठी सोय झाली. टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन दिसले, जे प्रत्येक विभाजनाआधी वाढते आणि नंतर अचानक नाहीसे होते. त्याचे नाव सायक्लिन. तिघांना 2001 साली नोबेल मिळाले. सायक्लिन वाढले की पेशी पुढच्या कामाला लागते, ते ओसरले की ते काम संपते. भोंगा वाजावा तसे.

आता मुद्द्याचा प्रयोग. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत अँजेलिका आमोन नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. जन्म व्हिएन्नाचा, 2020 मध्ये कर्करोगाने वारल्या, वय अवघे 53. त्यांच्या गटाने 2012 साली खमिरात एक साधा वाटणारा बदल केला. एक सायक्लिन, जे एरवी अर्धगुणसूत्री विभाजनात उशिरा तयार होते, ते वेळेआधी तयार व्हायला लावले. बाकी काही बदलले नाही. गुणसूत्रे तीच, टाके तेच, तंतू तेच. तरीही पहिल्या विभाजनात जोड्या सुटण्याऐवजी मूळ आणि नक्कलच एकमेकांपासून सुटू लागली, जणू पेशीला वाटले की हे रोजचे साधे विभाजन आहे.

असे का झाले हेही त्यांनी शोधले. पहिल्या विभाजनात मूळ आणि नक्कल यांचे दोन आकडे एकत्र बांधून एकाच दिशेला तोंड करून ठेवावे लागतात, म्हणजे दोघेही एकाच टोकाकडे जातात. ते बांधण्याचे काम मोनोपोलिन नावाची प्रथिने करतात. भोंगा लवकर वाजला की तर्कुतंतू लवकर उभे राहतात आणि मोनोपोलिनने बांधायच्या आत त्या सुट्या आकड्यांना दोन्हीकडून धरतात. एकदा धरले की मग बांधणारा येऊन उपयोग नाही. म्हणून निरोगी खमीरपेशी दोन काळज्या घेते. जोड्या जुळत असताना ते सायक्लिन बनवतच नाही, आणि वर आकड्याचा बाहेरचा भागही तेवढा वेळ मोडून ठेवते. धरायला काही नाहीच, तर घाईने धरणार कोण! मला हे वाचताना ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याचे साहित्य मुलांच्या हाती लागू नये म्हणून कपाटाची चावी लपवणारी आमची अम्मी आठवली.

मधल्या टाक्यांवर पहारा कोण ठेवते, याचे उत्तर 2004 साली टोकियोच्या योशिनोरी वातानाबे यांच्या गटाने दिले, तेही खमिरातच. पहिल्या विभाजनात बाह्यांवरची शिलाई कापली जात असताना गुणसूत्रबिंदूजवळच्या टाक्यांना हात लागू न देणारे एक प्रथिन त्यांना सापडले. त्यांनी त्याला शुगोशिन हे नाव दिले, जपानी भाषेत रक्षण करणारा. उर्दूत मुहाफिज म्हटले असते.

ही मंडळी चूक झाली की नाही हे कसे ओळखतात, ते ऐकण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने पिशवीतले चार बीजाणू एकेक करून वेगळे करायचे आणि खाद्य असलेल्या थाळीत ओळीने ठेवायचे. दोन दिवसांनी बघायचे. वाटणी नीट झाली असेल तर चार ठिपके उगवतात. एखाद्या बीजाणूला एखादे गुणसूत्र मिळालेच नसेल तर तो मरतो आणि ओळीत भोक पडते. अशा हजारो ओळी मोजून हे ज्ञान गोळा झाले आहे. आपल्या राज्यातही हे काम चालते. मुंबईच्या पवईत आय.आय.टी.मध्ये शंतनू कुमार घोष यांची प्रयोगशाळा बेकरीच्या खमिरात गुणसूत्रांची वाटणी अभ्यासते. पुण्याच्या आयसरमध्ये मृदुला नांबियार तीन गुणसूत्रांच्या खमिरावर काम करतात. पुण्याला येण्याआधी सिॲटलमध्ये जेराल्ड स्मिथ यांच्यासोबत 2018 साली त्यांनी दाखवले की तुकड्यांची अदलाबदल गुणसूत्रबिंदूच्या अगदी जवळ होऊ नये, यासाठी पेशी तिथे खास बंदोबस्त ठेवते. कारण तिथे अदलाबदल झाली तर वाटणी बिघडते. विज्ञानाला जाणारी आपली मुलगी उद्या तिथे पोहोचू शकते, हे सहज लिहिले.

खमिराचे हे सगळे काम काही तासांत उरकते. स्त्रीचे?

स्त्रीबीजाचे अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होते ते ती स्त्री स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. गर्भातल्या मुलीच्या अंडाशयात विसाव्या आठवड्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. त्यांत नक्कल झालेली असते, टाके पडलेले असतात, आईवडिलांकडच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. आणि मग काम थांबते. पूर्वावस्थेतच, अर्ध्यावर. ती मुलगी जन्मते, शाळेत जाते, तिचा निकाह होतो, तोपर्यंत ती बीजे तशीच थांबलेली असतात. दर महिन्याला एक बीज उठते आणि बाहेर पडण्याच्या काही तास आधी पहिले विभाजन पूर्ण करते. म्हणजे बारा-तेरा वर्षांपासून ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपर्यंतचा थांबा. इतका काळ ते टाके टिकायचे. 2010 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की जन्मानंतर बीजात नवे टाके घातले जात नाहीत, जन्माआधी पडलेल्या टाक्यांवरच निभावायचे असते. वय झालेल्या उंदरांच्या बीजांत हे टाके आणि तो मुहाफिज, दोन्ही कमी झालेले आढळले.

जुना धागा विरतो, त्यात शिवणाऱ्याचा गुन्हा काय? म्हणून आईच्या वयाबरोबर डाउन सिंड्रोमची शक्यता वाढते: विसाव्या वर्षी साधारण 1,500 जन्मांमागे एक, पस्तिसाव्या वर्षी साधारण 350 मागे एक, चाळिसाव्या वर्षी साधारण 100 मागे एक. तरीही माझ्या विद्यार्थिनीसारख्या तरुण आयांनाच अशी मुले संख्येने जास्त होतात, कारण मुळात बाळंतपणे त्याच वयात जास्त असतात. तरुण आईच्या बाबतीत अनेकदा कारण दुसरे असते. तुकड्यांची अदलाबदल झालीच नाही किंवा गुणसूत्राच्या अगदी टोकाला झाली, त्यामुळे जोडी नीट अडकली नाही. आणि ती अदलाबदल केव्हा झाली होती? पुन्हा तेच. नानीच्या पोटात.

हे मी त्या घरात सांगितले तेव्हा तिची अम्मी दचकली. "मग आता दोष माझ्यावर?" तिला वाटले मी इल्जाम एका बाईवरून उचलून दुसरीवर ठेवते आहे. तसे नाही. ज्या अदलाबदलीला कोणाचा हात लागत नाही, जी कोणाला दिसत नाही, जी कोणत्याही खाण्याने किंवा कामाने बदलत नाही, तिला दोष म्हणायचे नाही. जादा गुणसूत्र दहापैकी नऊ वेळा स्त्रीबीजातून येते, उरलेल्यांपैकी बहुतेक वेळा शुक्राणूतून. म्हणून पुरुषांनीही मिशांवर ताव देण्यात अर्थ नाही. गर्भ राहण्याच्या क्षणी 21 वे गुणसूत्र तिसरे होऊन आलेलेच होते. कांदा त्यानंतर चिरला गेला.

ग्रहणाबद्दल तर मला वेगळे सांगायची गरज पडायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र हजरत इब्राहिम (रजि.) यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. खुद्द प्रेषितांनी (स.) ते नाकारले, ग्रहण कोणाच्या जन्मामरणासाठी होत नाही हे स्पष्ट केले. पुत्रशोकाच्या दिवशीही त्यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. आणि आपण त्यांची उम्मत म्हणवून घेऊन सुनेच्या हातातल्या सुरीवर नजर ठेवतो.

नात्यातल्या निकाहाचे काय? त्याने थॅलेसेमियासारख्या काही आजारांची शक्यता वाढते, हे खरे. निकाहाआधी ती रक्ततपासणी करून घ्यावी, या मताची मी आहे. पण जादा गुणसूत्राचा त्याच्याशी संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची खिचडी करू नये.

डाउन सिंड्रोम हे नाव ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांच्यावरून आले, त्यांनी 1866 साली याचे वर्णन केले. त्यांनी वापरलेला आणि जुन्या पुस्तकांत उरलेला 'मंगोलिकता' हा शब्द एका मानववंशाचा अपमान करणारा आहे, तो मी वर्गात उच्चारत नाही. माणसाची गुणसूत्रे 46 हे नक्की झाले 1956 साली, आणि या मुलांत 47 असतात हे पॅरिसहून जाहीर झाले 1959 साली. त्या शोधासाठी पेशी वाढवण्याचे अवघड काम मार्थ गोतिए या तरुण डॉक्टर बाईंनी केले, पण शोधनिबंधात त्यांचे आडनावसुद्धा चुकीचे छापले गेले आणि नाव झाले ते सहकारी पुरुषाचे, जेरोम लज्यून यांचे. असो.

रिपोर्ट आला ईदनंतर. त्यावर लिहिले होते: 47, एक्स वाय, अधिक 21. तिने तो माझ्यापुढे धरला. मी तिला आधी हे पाहायला सांगितले की तिसरे 21 सुटे आहे की दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले. शंभरातील पंचाण्णव मुलांत ते सुटे असते. असे असेल तर पुढच्या बाळाला हेच होण्याची शक्यता तरुण आईच्या बाबतीत शंभरात एकाच्या आसपास. तीन-चार मुलांत ते दुसऱ्याला चिकटलेले असते. अशा वेळी आई आणि वडील दोघांचेही रक्त तपासावे लागते, कारण ते दोघांपैकी कोणाकडूनही आलेले असू शकते आणि पुढच्या वेळची शक्यता बरीच वेगळी असते. हिच्या बाळाचे सुटे होते. बाळाच्या बापालाही मी तोच कागद समजावला. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आम्ही काहीच करू शकलो नसतो?" नाही. आता मात्र खूप करता येते.

अशा जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो, म्हणून इको लवकर करून घ्यायची. थायरॉईड, कान, डोळे तपासायचे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला दाखवले की ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मान धरणे, बसणे, बोलणे, सगळे उशिरा होते, पण व्यायामाने आणि बोलत राहिल्याने होते. बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्ड वेळेवर काढावे. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. अमेरिकेत 1983 च्या सुमारास या मुलांचे सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होते, आज 60 च्या आसपास आहे. गुणसूत्रे तेव्हाही 47 होती आणि आजही 47 आहेत. बदलले ते उपचार.

सासूबाई परवा लोहाऱ्याला आल्या होत्या. माझ्याकडून त्यांनी तो टाक्यांचा हिशोब पुन्हा ऐकून घेतला, दोनदा. पटले की नाही ते बोलल्या नाहीत. फक्त एवढे विचारले, की इकोसाठी सोलापूरला सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तर दुपारपर्यंत नंबर लागेल का, कारण बाळाला घेऊन त्या स्वतः जाणार आहेत.